घरून आलेल्या दोन रिंगा

१

जावई काय काम करतात, हे सुलेखाच्या आईला तीन वर्षांत सात वेळा समजावून झालं होतं. आठव्यांदा त्यांनी नागपुरात शेजारणीला सांगून टाकलं, "जावई अमेरिकेत सूर्यावर असतात." तसं ते अगदीच खोटं नव्हतं. ॲन आर्बरच्या विद्यापीठात, नॉर्थ कॅम्पसवर, पार्किंगकडे तोंड असलेल्या एका खोलीत बसून श्रीरंग सूर्यावरून निघालेल्या वाऱ्याची वाट बघायचा. तो वारा येऊन थडकला की आपल्या डोक्यावरची, दीड-दोनशे मैल उंचीवरची हवा फुगते. किती फुगेल हे आधी सांगायचं, एवढंच त्याचं काम.

आता आधी कसं सांगणार? तर पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, एक यान पहारा देत असतं. वारा आधी त्याला लागतो. यानाचा निरोप पाच सेकंदांत पोचतो, वारा मात्र आपल्या चालीने येतो. सुस्त असला तर सत्तर मिनिटं लावतो, जोरात असला तर पस्तीसच. पाहुण्यांनी गल्लीच्या तोंडाशी येऊन फोन करावा आणि तेवढ्या वेळात आपण घर आवरावं, तशी ती मधली मिनिटं. त्यांच्यावरच श्रीरंगचं पोट होतं.

२००८चा फेब्रुवारी चालू होता आणि सूर्य ढिम्म होता. डाग नाही, स्फोट नाही, नुसता पडून. अधूनमधून एखादा जोरकस झोत यायचा, तेवढाच विरंगुळा. श्रीरंगला खरी काळजी खालच्या हवेची होती. सुलेखाला ऑक्टोबरात साउथफील्डच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. हायवेवरून पंचेचाळीस मिनिटांचा ड्राइव्ह, आणि लायसन्स नवंकोरं. डिसेंबरात तिची गाडी बर्फावरून गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली, तेव्हापासून ती ओठ घट्ट मिटून ड्राइव्ह करायची आणि हा ऑफिसात नखं खायचा. गाडीत मोबाइल पर्समध्ये आणि पर्स मागच्या सीटवर, हा नियम त्यानेच घातलेला. त्यामुळे पाच ते पावणेसहा ती कुठे आहे, हे कळायला काही मार्गच नव्हता.

उपाय सुलेखाने माहेरून आणलेला होता. घरी पोचलं की दाराजवळच्या फोनवरून दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. समोरच्याने उचलायचा नाही. तिचे बाबा टूरवर जायचे तेव्हापासूनची ही पद्धत.

"अगं, लोकल कॉल फुकट आहे. बोल की दोन शब्द," श्रीरंग म्हणायचा.

"बोलायचं असेल तेव्हा बोलू. हा पोचल्याचा आहे."

दोन रिंगा वाजल्या, फोनच्या इवल्याशा पडद्यावर घरचा नंबर दिसला, की श्रीरंगचा जीव भांड्यात पडायचा. मग तो टोपी चढवून बस पकडायचा.

२

जानेवारीत विभागाने एक जुना रिसीव्हर मोडीत काढला, तो श्रीरंगने घरी आणून बाल्कनीत लावला. उपग्रहाचा सिग्नल वरच्या हवेतून खाली येताना किंचित रेंगाळतो. किती रेंगाळला यावरून ती हवा किती फुगली ते समजतं. तसाच एक रिसीव्हर ऑफिसच्या गच्चीवर होताच.

"लोक बाल्कनीत खुर्च्या टाकतात," सुलेखा म्हणाली. "आमच्याकडे पातेलं पालथं घातलंय."

"बर्फ साचला तरी चालतं त्याला."

"मला नाही चालत. घासायला काढलेलं वाटतं."

घर ते ऑफिस अंतर दोन मैल. आकाशाच्या मानाने दोन मैल म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्या. तेव्हा दोन्ही रिसीव्हरच्या रेघा एकमेकींवर बसायला हव्या होत्या. गच्चीवरची रेघ शहाण्यासारखी वागायची. यानाला वारा लागला की तासाभराने वर चढायची, अगदी श्रीरंगचं मॉडेल सांगेल तेव्हा. घरची रेघ मात्र यानाला वारा लागला की त्याच क्षणी चढायची. इथे पोचायला तास असताना.

श्रीरंगने घड्याळाला दोष दिला. गेल्या वर्षी अमेरिकेने घड्याळं पुढेमागे करायच्या तारखा बदलल्या, तेव्हापासून ऑफिसातल्या प्रत्येक चुकीचं खापर घड्याळावरच फुटत होतं.

शेजारच्या टेबलावर नैना बसायची. जन्म न्यू जर्सीचा, आईवडिलांचं आयसेलिनला साड्यांचं दुकान, मराठी ऐकायला पक्कं आणि बोलायला कच्चं. तिने चष्मा वर केला. "डूड, ती जीपीएसची बॉक्स आहे. शी इज द क्लॉक. ती कशी चुकणार?"

"मग केबल असेल."

"केबल तासभर लेट करत नाही, श्री. आणि अर्ली तर नाहीच नाही."

दुसऱ्या दिवशी फरक बावन्न मिनिटांचा निघाला. घड्याळ चुकलं तर तासाने चुकेल; बावन्न मिनिटांनी कसं चुकेल? श्रीरंगच्या मनात पाल चुकचुकली. पण त्या दिवशी ग्रुपचा पॉटलक होता, ज्याने त्याने घरून पदार्थ न्यायचा, आणि त्याला साबुदाणा भिजवायचा होता.

३

मग एका मंगळवारी, पाचला बारा कमी असताना, टेबलावरचा फोन दोनदा वाजून बंद झाला. पडद्यावर घरचा नंबर.

"लवकर सुटली वाटतं," म्हणत श्रीरंग खुशीत निघाला. वाटेत त्याने तिला आवडतात म्हणून संत्री घेतली. घरी आला तर दाराला कुलूप, पार्किंगमध्ये गाडीची जागा रिकामी, आत काळोख. फोन जागच्या जागी. पायपुसणं कोरडं. त्याने दिवे लावले, हीटर वाढवला आणि संत्री सोलत बसला.

दहा कमी सहाला सुलेखा आली. "अय्या, आज माझ्या आधी?"

"तू रिंगा दिल्यास ना?"

"कशा देणार? आत्ता तर येतेय. बूट तरी काढू दे."

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम ऑफिसात थांबला. पाचला पाच कमी असताना दोन रिंगा वाजल्या. मग फोन गप्प. पावणेसहा झाले, सहा झाले.  शेवटी त्यानेच घरी फोन लावला.

"हॅलो! अरे, अजून तिथेच? मी तुला दहा मिनिटांपूर्वी दिल्या की रिंगा. कुकर पण लावला."

ती सुखरूप होती, हे महत्त्वाचं. बाकीचं टेलिफोन कंपनी बघून घेईल, असं श्रीरंगने स्वतःला सांगितलं. फोन कंपनीने पंचावन्न मिनिटं आधी कॉल कसा पोचवला, हा प्रश्न त्याने बसमध्ये एकदा मनात आणला आणि बस थांबल्यावर तिथेच सोडून उतरला.

४

पण हाडाचा आकडेवाला तो. हात शिवशिवायला लागले. आठ दिवस त्याने रिंगांची वेळ आणि सुलेखाच्या पोचण्याची वेळ लिहून ठेवली. मधलं अंतर कधी अडुसष्ट मिनिटं, कधी साठ, कधी एकावन्न. शुक्रवारी त्याने ते ठिपके कागदावर मांडले. आडव्या बाजूला त्या त्या दिवशीचा सौरवाऱ्याचा वेग घेतला, सहज गंमत म्हणून, आणि कागद नैनासमोर सरकवला.

"वॉव," ती म्हणाली. "दिस इज ब्यूटिफुल. किती क्लीन आहे! काय आहे हे?"

"घरचा डेटा."

"वाऱ्याला यायला जितका वेळ लागतो तेवढाच लीड आहे. एक्झॅक्टली. तुझ्या घरी हे आधी कळतं? का कळतं?"

"का ते माहीत नाही. पण कळतं."

"फनी," नैना म्हणाली आणि कॉफी आणायला गेली. आपल्या मॉडेलचं उत्तर बरोबर येत असेल तर त्याच्या पोटात काय चाललंय ते सहसा कोणी उघडून बघत नाही. श्रीरंगच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे, आणि एरवी तिने कुणाचं काही बिघडत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्यानंतरचे पंधरा दिवस त्या दोघांच्या संसारात इतकी बहार होती की विचारू नका. रिंगा आल्या की श्रीरंग यानाने मोजलेला वाऱ्याचा वेग बघायचा, भागाकार करायचा, आणि सुलेखा किती वाजता दारात असेल ते काढायचा. मग बस पकडून घरी. ती दार उघडेपर्यंत आलं घातलेला चहा गाळलेला, भात वाफेवर, कधी गरम धिरडी. मिनिटाचा फरक पडत नसे.

"तुला कसं कळतं रे?" सुलेखा विचारायची. तिचे गाल थंडीने लाल झालेले असत आणि डोळे हसत असत.

"सूर्य सांगतो."

"सांग ना खरं!"

"खरंच. तू निघायच्या आधी मला माहीत असतं की तू पोचणार आहेस."

तिने चहाचा कप हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "मग मी आता घाबरणार नाही." त्या दिवसापासून तिने स्टिअरिंगवर ओठ मिटणं सोडलं. गाडीत गाणी म्हणत यायला लागली. श्रीरंगला इतका आनंद झाला की तो भांडीसुद्धा घासायला लागला.

५

खालच्या मजल्यावर पद्मिनीकाकू होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, पुण्याच्या, दिवसभर एकट्या. त्यांना बोलायला माणूस हवं असायचं आणि त्या थालीपीठ देऊन गिऱ्हाईक गाठायच्या.

"काय रे श्रीरंग," त्यांनी एकदा जिन्यातच अडवलं, "सुलेखा हल्ली पाचलाच येते का?"

"नाही काकू, सहा वाजतात तिला."

"मग पाचला वर कोण चालतं? दार वाजतं, धप धप बूट आपटतात, मग फोनपाशी जातात पावलं. रोज. मी म्हटलं, बरं झालं बाई, लवकर सोडतात."

"काकू, ही घरं म्हणजे पुठ्ठ्याची खोकी. हीटरचे पाइप वाजतात."

"पाइप बूट काढतात होय रे?" काकू म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या. श्रीरंगही हसला. थालीपीठ मात्र त्या दिवशी त्याने तसंच फ्रिजमध्ये ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने नियम मोडला. पाचला सात कमी असताना पहिली रिंग वाजली आणि त्याने झडप घालून फोन उचलला.

"सुलू?"

पलीकडून घराचा आवाज येत होता. फ्रिजची घरघर. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक. सिंकचा नळ, जो नीट बंद होत नव्हता, त्याचा थेंब. आपलं रिकामं घर आपण नसताना कसं वाजतं, ते श्रीरंगने पहिल्यांदाच ऐकलं. आणि या सगळ्याच्या अलीकडे, फोनच्या अगदी तोंडाशी, कोणीतरी ऐकत होतं. श्वास वगैरे काही नाही. पण फोनवर आई गप्प आहे की लाइन गेली आहे, हे आपल्याला समजतं ना? तसं त्याला समजलं. मग रिसीव्हर हलकेच खाली ठेवला गेला.

संध्याकाळी सुलेखा ठरल्या मिनिटाला आली. गाणं गुणगुणत. श्रीरंगने चहा दिला. सांगून करणार काय? पोरीचं भय आत्ता कुठे गेलं होतं. त्याने तोंड मिटून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फक्त रिंगा मोजायला लागला.

६

त्या शुक्रवारी सकाळपासून बर्फ पडत होता. जाड, शांत, सरळ खाली येणारा. दुपारी साडेतीनला सुलेखाचा फोन आला.

"श्री, इथे सगळे निघालेत. रस्ते खराब आहेत म्हणे. आमच्या ऑफिसातली विनीता म्हणतेय, आज माझ्याकडेच राहा. तिचं घर दहा मिनिटांवर आहे." मग आवाज खाली आणून, "पण मला घरी यायचंय रे. तुझं ते फोरकास्ट काय म्हणतं?"

चांगला नवरा म्हणाला असता, राहा बाई तिकडेच. श्रीरंगही तेच म्हणणार होता, खोटं कशाला बोला. पण ती म्हणाली 'घरी यायचंय', आणि गेल्या पंधरा दिवसांचा माज होताच.

"थांब दहा मिनिटं. बघून सांगतो."

तीन चाळीसला दोन रिंगा वाजल्या. घरचा नंबर. श्रीरंगने खुर्चीतच गिरकी घेतली. स्क्रीनवर यानाचा आलेख उघडाच होता. वाऱ्याचा वेग सेकंदाला तीनशे ऐंशी किलोमीटर. भागाकार केला, सहासष्ट मिनिटं. म्हणजे चार शेहेचाळीसला दारात. आत्ता निघाली आणि बर्फातून तासभर लागला तर बरोबर तेवढेच वाजतील. इतकं चपखल उत्तर आल्यावर माणसाने शंका तरी कुठे घ्यायची?

त्याने फोन लावला. "निघ. तू पोचतेयस. चार शेहेचाळीस."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"तू म्हणतोस म्हणजे झालं," सुलेखा म्हणाली. "चहा ठेव. फोन पर्समध्ये टाकते."

७

तीन पन्नासला नैना कोट घालत आली. "बाय श्री, मी सुटते. आणि तुझी ती फास्ट विंडची स्ट्रीम आली बघ. सातशेला पोचली. तीनच्या आधीपासून."

"कसली सातशे? तीनशे ऐंशी आहे."

तिने वाकून त्याचा स्क्रीन बघितला आणि खिदळली. "डूड! हे सकाळचं पेज आहे. रिफ्रेश तर कर. यू टेल एव्हरीबडी टू रिफ्रेश!"

नैना गेली. श्रीरंगने बटण दाबलं. सातशे.

पंधरा लाखांना सातशेने भागलं की छत्तीस मिनिटं येतात. तीन चाळीसच्या रिंगा म्हणजे चार सोळा. साउथफील्डहून बर्फातून तेहेतीस मिनिटांत घरी कोणी येऊ शकत नाही. चार सोळाला जे दारात असेल, ती सुलेखा नव्हती.

आणि मग एक फारच साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली. इतकी साधी, की ती इतके दिवस दिसली नाही याचीच त्याला लाज वाटली. पंधरा दिवस सुलेखाने ऑफिसात रिंग दिलीच नव्हती. कशाला देईल? ती घरी यायची तेव्हा हा समोर चहा घेऊन उभा असायचा. फोनला हात लावायचं तिला कारणच उरलं नव्हतं. रिंगा मात्र रोज आल्या होत्या.

त्याने तिचा मोबाइल लावला. वाजून वाजून व्हॉइसमेलवर गेला. "सुलू, घरी नको, विनीताकडे वळ, ऐकतेयस ना?" असं तीनदा सांगितलं. मागच्या सीटवरच्या पर्सला सांगितलं, दुसरं काय. पोलिसांना सांगावं तर काय सांगणार? चार सोळाला माझ्या घरात कोणीतरी येणार आहे, हे मला सूर्यावरून कळलं?

एकच गोष्ट करण्यासारखी होती. सुलेखा पावणेपाचला गाणं म्हणत दार उघडणार होती, आणि तिच्या आधी घरात जे येणार होतं ते आतच असणार होतं. ती एकटी आत जाता कामा नये. श्रीरंग कोटाची चेन न लावताच बसकडे धावला.

८

चार वाजून आठ मिनिटांनी तो घरात होता. बर्फाच्या उजेडाने खोल्या लख्ख पांढऱ्या दिसत होत्या, दिवे लावायची गरज नव्हती. त्याने कपाटं उघडून बघितली, बाथरूमचा पडदा सारला, पलंगाखाली डोकावला. एक हरवलेला मोजा सापडला. मग हातात काहीतरी असावं म्हणून त्याने स्वयंपाकघरातून लाटणं घेतलं. पीएचडी झालेला माणूस, बूट-टोपीसकट, लाटणं घेऊन बेडरूमच्या दाराआड उभा राहिला. त्याचं त्यालाच हसू आलं. समजा कोणी आलंच नाही, तर हे सुलेखाला सांगून दोघं आठवडाभर हसतील, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला खरोखर बरं वाटलं.

चार सोळाला कुलपात किल्ली फिरली.

किल्ली फिरवताना दार जरा आपल्याकडे ओढावं लागतं, नाहीतर ते अडतं. ओढलं गेलं. दार उघडलं, थंडगार झुळूक बेडरूमपर्यंत आली. पायपुसण्यावर बूट आपटले, धप, धप. मग मोज्यांची पावलं. दाराच्या फटीतून श्रीरंगला सुलेखाचा होता तसल्याच वाइन रंगाच्या कोटाची बाही दिसली, खांद्यावरचा बर्फ दिसला. कोटाचं टोपडं डोक्यावरच होतं. हाताने फोन उचलला, बटणं दाबली, थोडा वेळ थांबून फोन ठेवला. दोन रिंगांना लागतो तेवढाच वेळ.

सुलेखाच आहे, त्याने मनात म्हटलं. कशी का असेना, पोचली. भागाकार चुकला असेल. सातशेचा आकडा चुकला असेल. रस्ता रिकामा असेल. सुलेखाच आहे ही. त्याला रडू यायचं बाकी होतं इतकं हलकं वाटलं. लाटणं खाली ठेवून तो पुढे होणार, एवढ्यात त्याच्या खिशात मोबाइल थरथरला.

त्याने बघितलं. सुलेखाचा नंबर.

"श्री!" कानात तिचा आवाज, धापा टाकत आणि हसत. "अरे, तुझं फोरकास्ट पार गंडलं! ऑफिसपासून दोन मैलांवर गाडी घसरून बर्फाच्या ढिगात घुसली. मला काही झालेलं नाही, अजिबात नाही, घाबरू नकोस. विनीता मागूनच येत होती, तिने उचलून आणलं. तिच्या घरी आहे. मस्त खिचडी टाकलीय तिने. ऐकतोयस ना?"

"हो," श्रीरंग म्हणाला. ओठ हलले, आवाज जेमतेम निघाला.

"कुजबुजतोयस कशाला? कोणी आलंय का घरी?"

बाहेरच्या खोलीतली पावलं थांबली होती. फटीतून आता काहीच दिसत नव्हतं. बाही नाही, बर्फ नाही. नुसता पांढरा उजेड.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"बरं. तासाभरात रस्ते साफ करतील म्हणे, मग अमित मला घरी सोडतोय, विनीताचा नवरा. सहापर्यंत येतेच मी. जेवू नकोस हां, खिचडी आणते."

गेले पाच महिने रोज संध्याकाळी श्रीरंगने एकच गोष्ट मागितली होती. ती घरी येऊ दे. देव मानत नव्हता, तरी मागितली होती.  आता त्याने फोन दोन्ही हातांत धरला आणि असेल नसेल तेवढा आवाज गोळा केला.

"सुलू, ऐक. घरी येऊ नकोस. मी तिकडे येतो. तू येऊ नकोस, कळलं? काही झालं तरी घरी येऊ नकोस."

"अरे पण का?" कानात सुलेखा म्हणाली.

आणि दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, तोच आवाज हसत म्हणाला, "कुणाला रे येऊ नको म्हणतोयस? मी आले की."